कानबाईचे रोट आणि कलकत्त्याचा भाऊबंद

खानदेशात जाऊन आलो असे सांगितले की पुण्यातले स्नेही दोनच गोष्टी विचारतात: ऊन फार होते का, आणि केळी आणली का. ऊन नव्हते, कारण श्रावण होता. केळी आणली होती, पण ती मनमाडच्या गर्दीत कुणाच्या तरी वळकटीखाली चिरडली, आणि त्याचे मला अजून वाईट वाटते. माझा स्वभावच तसा आहे. दुसऱ्याच्या घरी जेवताना दाताखाली खडा आला तर वाढणारीच्या आधी मीच शरमतो. ही हकीकत वाचणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, म्हणजे पुढे मी वारंवार क्षमा मागताना दिसलो तर नवल वाटणार नाही.

मी गेलो होतो दुभाषा म्हणून. कलकत्त्याहून निर्मलबाबू सान्याल नावाचे एक तरुण भाषापंडित येणार होते. त्यांना खानदेशी बोलीचा अभ्यास करायचा होता. आमच्या प्राचार्यांनी शिक्षकांच्या खोलीत विचारले, "खानदेशी कुणाला येते?" माझी एक मावशी अमळनेरला दिलेली होती. तेवढ्या आधारावर माझा हात वर गेला.

भुसावळ

भुसावळ म्हणजे स्टेशन, आणि उरलेले गाव स्टेशनाच्या सोयीसाठी. फलाटावर एका हाकेच्या अंतरात पाच भाषा ऐकू येतात. त्या गलक्यात धोतर, छत्री आणि जाड भिंगांचा चष्मा अशी एक किडकिडीत मूर्ती नागपूरकडच्या गाडीतून उतरली आणि मला पाहून म्हणाली, "आपणांस वाट पाहावी लागली, हे मजकरिता दुःखाचे होय."

निर्मलबाबू मराठी शिकले होते ते सगळे जुन्या पोथ्यांवरून. गाडी उशिरा आली होती, त्यात त्यांचा दोष नव्हता. तरी त्यांनी क्षमा मागितली. मग मीही मागितली. हमाल ट्रंक डोक्यावर घेऊन ताटकळत राहिला. शेवटी तोच म्हणाला, "तुमचं झालं का? मान मोडायली माझी."

चहा पिताना त्यांनी आपला विषय समजावला. शब्दकोशातले शब्द त्यांना नको होते. घरातली माणसे एकमेकांना काय म्हणतात, सून मोठ्या दिराला कशी हाक मारते, कोण कुणाचे नाव घेत नाही, कुणाची थट्टा चालते आणि कुणाची नाही, हे त्यांना ऐकायचे होते. बंगाल झाला, ओरिसा झाला. खानदेशच्या एका अंगाला गुजराती, दुसऱ्या अंगाला हिंदी. इथल्या नात्यांचे शब्द कुठून आले असतील? विद्यापीठाने या एकाच फेरीचा खर्च दिला होता. रिकाम्या हाताने परतले तर हा विषय सोडून, वरिष्ठ देतील तो घ्यावा लागणार होता. "आणि ते मला शिलालेख देतील," ते खिन्नपणे म्हणाले. "शिलालेख कुणालाही हाक मारीत नाहीत."

जळगाव

जळगावला आम्ही एका वकिलांकडे उतरलो. दुसऱ्या दिवशी टांग्याने पिंप्राळ्यास गेलो. दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याला लागलेली, काळी जमीन पाणी पिऊन टम्म झालेली. गावात एका सुखवस्तू शेतकऱ्याच्या ओट्यावर बसलो. घोंगडी अंथरली गेली. आतून एक बाई कुणावर तरी कडाडत होती. ते बोलणे ऐकून निर्मलबाबूंचे कान टवकारले. तेवढ्यात घरधनी कोट चढवून, फेटा सारखा करून बाहेर आले, आणि आत पाहून त्यांनी बोटाने गप्प राहण्याची खूण केली. घर चिडीचूप झाले.

"आपण वडिलांना काय म्हणता?" निर्मलबाबूंनी विचारले.

"वडिलांना आम्ही वडील असे म्हणतो," घरधनी सावधान उभे राहून म्हणाले.

"आणि आईला?"

"मातोश्री."

दाराआड कुणीतरी फिसकन हसले. घरधन्यांनी तिकडे डोळे वटारले आणि मला हात जोडून विनवले, "साहेब, पोरं सगळी शाळेत जातात. एकसुद्धा घरी राहत नाही."

परतताना टांगेवाल्याने उलगडा केला. माझा काळा कोट, काळी टोपी, काखेतली छत्री. गावाने मला शाळा तपासणारा दिपोटी समजले होते! दिपोटीसमोर कोण घरचे बोलेल? पुढच्या दोन खेड्यांतही तेच झाले. एका ठिकाणी तर पोरांना रांगेत उभे करून आमच्यासमोर पाढे म्हणवले. मी टोपी काढून पाहिली, कोट घडी करून पिशवीत कोंबला. पण मास्तरकी काही कोटात नसते. एका म्हाताऱ्याने विसरून "पाऊस बरा शे" म्हटले आणि माझ्या तोंडून आपसूक निघाले, "आहे." त्याने कान पकडून "आहे, आहे" म्हटले आणि पुढे तो बोललाच नाही. निर्मलबाबूंनी कोरा कागद घडी करून खिशात ठेवला. त्यापेक्षा मला बोलले असते तर बरे झाले असते.

दोंडाईचा

तापी खोऱ्याच्या गाडीने दोंडाईच्याला उतरलो की पहिल्यांदा शिंक येते. गाव मिरचीचे. हंगाम नव्हता, तरी वखारींच्या भिंतींतून तिखटाचा वास येतच होता. वकिलांनी तिथल्या एका मारवाडी जैन व्यापाऱ्याच्या नावे चिठ्ठी दिली होती. शेठजींच्या तीन पिढ्या इथेच गेल्या. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी अहिराणी आणि आमच्याशी स्वच्छ मराठी, असे ते पगडी बदलावी तशी भाषा बदलत. जेवण मात्र एकच: पातळ फुलके, कढी आणि तळलेली मिरची. चातुर्मासात मी कांदा-लसूण खात नाही. जैन घरी तो प्रश्नच नव्हता, म्हणून मी फार जेवलो. उपवास मोडल्यासारखेच मनाला लागून राहिले.

आमची रड ऐकून शेठजी पोट धरून हसले. "मास्तर, तुम्ही एकेक माणूस गाठून विचारता. एकटा माणूस परक्यापुढे कधी घरचं बोलतो का? चिंचखेड्याला जा. माझं जुनं गिऱ्हाईक आहे, आबा पाटील. उद्या रविवार, त्यांच्याकडे कानबाई बसणार. सगळी भाऊबंदकी गोळा होईल. जिथं पन्नास माणसं जेवणार, तिथं नीट बोलायला वेळ कुणाला असतो?"

त्यांनी आपली छकडी जोडून दिली.

चिंचखेडे

कानबाई हे खानदेशचे घरचे दैवत. आमच्याकडे गौरी येतात तशी ती श्रावणातल्या रविवारी येते. चौरंगावर पीतांबर नेसवलेला कलश, वर पिढीजात जपलेला नारळ, त्याला डोळे, कुंकू आणि भलीमोठी नथ. पण गौरी ज्याच्या त्याच्या घरी असतात. कानबाई साऱ्या भाऊबंदकीची मिळून एक. कुणी जळगावहून, कुणी सुरतेच्या गिरणीतून, बैलगाडीने, रेल्वेने येऊन पोचले होते. अंगणात खापर तापले होते. खापर म्हणजे चुलीवर पालथे घातलेले मातीचे भांडे. बायका पुरण भरलेला गोळा हातांवर झुलवत झुलवत उपरण्याएवढा करून त्यावर अलगद टाकीत. आमच्या पुण्याची पोळी त्या पोळीच्या पदरात बांधून नेता आली असती.

आबा पाटील साठीचे, धिप्पाड. घरचा कारभार त्यांच्या थोरल्या भावजयीकडे. तिला सारे गाव अक्का म्हणे. आबांनी आम्हाला ओट्यावर बसवले आणि म्हणाले, "विराजमान व्हावे." इथेही मी दिपोटीच होतो.

रात्री जागरण झाले, गाणी झाली. निर्मलबाबू तन्मयतेने ऐकत होते, पण झोपताना म्हणाले, "गीत सर्वांचे असते. मला हाक हवी." आमच्याजवळ कुणी आले की घरातले बोलणे थांबे, आम्ही पाठ फिरवली की सुरू होई. मंगळवारी सकाळी छकडी न्यायला येणार होती. हातात एक सोमवार उरला होता.

सोमवारी सकाळी कानबाई नदीवर निघाली. चौरंग डोक्यावर घेतलेल्या बाया, पुढे डफ, रस्त्यात फुगड्या. आम्हीही निघालो. पण काळ्या मातीचा इंगा पुण्याच्या माणसालाही ठाऊक नसतो, तो कलकत्त्याच्या माणसाला कुठून असणार? नदीच्या उतारावर निर्मलबाबूंचा एक पाय गुडघ्यापर्यंत गेला, तो काढताना दुसरा गेला. पाय निघाले, वहाणा राहिल्या. मी त्यांना परत घरी आणले, विहिरीवर धुतले. घरात चिटपाखरू नव्हते. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हते आणि ते संकोचाने बोलत नव्हते. मी पाहुण्याचा सांभाळ करायला आलेला माणूस! मधल्या घरात गेलो. कोनाड्याजवळ एक परात धुवट फडक्याने झाकलेली होती. खाली जाडसर गोड पुऱ्या. मला वाटले, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी काढून ठेवल्या असाव्यात. दोन पुऱ्या निर्मलबाबूंच्या हातावर ठेवल्या. माझा श्रावणी सोमवार, म्हणून मी घेतली नाही.

मंडळी परतली तेव्हा निर्मलबाबूंची दुसरी पुरी अर्धी व्हायची होती.

अक्का दारातच थांबली. तिच्या हातातला रिकामा चौरंग तसाच राहिला. "हाई काय करं तुम्ही!" ती ओरडली. "रोट! बाहेरना मानूसले रोट दिन्हं!"

"अत्यंत स्वादिष्ट आहे," निर्मलबाबू म्हणाले.

आबा आले, सगळे जमले. मग आम्हाला कळले ते असे. कानबाईच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घेतात. मुलगा जन्मला की एक माप वाढते. ते गहू घरातच दळायचे, त्या पिठाचा नैवेद्य करायचा, आणि पुनवेच्या आत भाऊबंदांनीच तो संपवायचा. पाहुण्याला पंचपक्वान्न वाढतील, पण रोटाचा तुकडा नाही. लेक सासरी गेली की तिलाही नाही. आणि मी तो आमच्या गौरीच्या फराळासारखा उचलून वाटला होता.

एका बाजूला कानबाईचा कोप घेऊन बसलेले हे घर, दुसऱ्या बाजूला निर्मलबाबूंचे शिलालेख. मी हात जोडून सांगू लागलो, "अपराध सर्वस्वी माझा आहे. यांस काहीही ज्ञात नव्हते…" माझ्याकडे कुणी पाहिलेही नाही.

आबांचे एक म्हातारे चुलते, भिका नाना, खांबाला टेकून बसले होते. ते तंबाखू मळत म्हणाले, "पोटमा गयं ते गयं. रोट काही बाहेर काढता येस नही. मंग मानूसलेच घरमा लई ल्या."

अक्काने चौरंग खाली ठेवला. "सव्वा मूठ गहू काढ वं," ती थोरल्या सुनेला म्हणाली. "पन हाऊ आपला कोन व्हयना, ते ठराव आधी."

आणि ठरवायला सारी भाऊबंदकी अंगणात बसली. खरी मौज तिथे सुरू झाली. कारण माप कुणाच्या मागे धरायचे? रोट खाणाऱ्याला नाते हवे.

"मना भाऊ समजू," आबा म्हणाले.

"वा वा! मंग बठ्ठ्या सूनास्नी त्यानापुढे दिनभर पदर लेवाना का?" अक्काने उडवून लावले. आबांचा भाऊ म्हणजे साऱ्या सुनांचा सासराच.

"मना चुलतभाऊना आंडोर करा," आबांनी दुसरे नाते सुचवले. आंडोर म्हणजे मुलगा.

"पन वावरनी वाटनी मांगी ते?" सुरतेहून आलेला एक जण काळजीने म्हणाला. निर्मलबाबूंनी तत्परतेने सांगितले की त्यांना नांगर धरता येत नाही. सगळे खदखदले.

"जातनं काय?" कुणीतरी विचारले. ब्राह्मण, असे मी सांगितले. भिका नाना म्हणाले, "मंग बाटना ते तोच. कानबाईनं काय जास?"

निर्मलबाबूंना राहवले नाही. आपण मासे खातो, हे त्यांनी उघड करून टाकले. आबांनी विचार केला आणि निवाडा दिला, "श्रावण मा खावू नको म्हणजे झाये."

आबा त्यांना 'तू' म्हणाले होते. निर्मलबाबूंच्या भिंगांआड काहीतरी चमकले.

शेवटी धाकट्या सुनेने पदराआडून तोडगा काढला. "देर करा ना. पानी तरी आनी दीन!"

देर म्हणजे धाकटा दीर. त्याच्यापुढे पदर घ्यावा लागत नाही, त्याची थट्टा चालते, त्याला काम सांगता येते. साऱ्या बायकांनी माना डोलावल्या. आबांचा धाकटा मुलगा म्हणून माप पडले. मग त्या नात्यातून बाकीची नाती उलगडायची होती: कुणाचा तो काका, कुणाचा पुतण्या, कुणाच्या पाया पडायचे, कुणाचे नाव घ्यायचे नाही. एकेक जण पुढे येऊन आपले नाते सांगे, चुकले तर दुसरा त्याला हाणून पाडे. ज्यासाठी कलकत्त्याचा माणूस देश ओलांडून आला होता, ते सगळे त्याच्यापुढे भांडणाच्या आवाजात ओतले जात होते. जात्यावर सव्वा मूठ गहू गरगरू लागले.

मी घाईने कागद-पेन्सिल पुढे केली. निर्मलबाबूंनी ती घेतली, तोच अक्का कडाडली, "निर्मल! कागद काय लई बठना? वासरू सुटनं, दख ना!"

निर्मलबाबू कागद टाकून अनवाणी वासरामागे धावले. त्यांच्याइतका आनंदी पंडित मी कधी पाहिलेला नाही. वासरू मात्र त्यांना सापडले नाही.

दिवसभर त्यांना हाका पडत राहिल्या. मला कुणी हाक मारली नाही. "गुरुजी, आपण बसावे." "गुरुजी, आपणांस दूध आणू का?" तेच पुस्तकी मराठी. मी ओट्यावर एकटा बसून राहिलो. मला राग नव्हता. ज्याच्या हातून घरचे रोट बाहेर गेले, त्याला याहून किती जवळ करायचे?

मंगळवार

सकाळी निघण्यापूर्वी न्याहारीला बसलो. सुनेने माझ्या ताटात खापराची पोळी वाढली आणि वर तुपाची धार धरली. पहिला घास घेतला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. पोळीत पुरण नव्हते. दोंडाईच्याच्या मिरचीची पूड होती.

मी समजलो. ही माझी शिक्षा होती, आणि रास्त होती. मी मान खाली घालून दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, कान बधिर. शेवटचा तुकडासुद्धा मी ताटात ठेवला नाही. दाराआडची खुसखुस केव्हाच थांबली होती. वर पाहिले तर सगळ्या बाया घाबऱ्या होऊन उभ्या.

"अवो याही!" अक्का गुळाचा खडा घेऊन धावली. "बठ्ठी खाई गयात? थट्टा व्हती ना ती! पहिला घासले तुम्ही बोंब मारशात, मंग आमी हासूत!"

निर्मलबाबू माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "काल सायंकाळी आपण संध्येला गेलात, तेव्हा आपलेही नाते ठरले. ज्याने या घरात माणूस आणून दिला, तो घराचा व्याही. इथे त्याला याही म्हणतात."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कालपासूनचे "आपण बसावे" हे दिपोटीला नव्हते! व्याह्याशी इथे असेच अदबीने बोलतात, आणि निघताना त्याच्या ताटात असेच काहीतरी लपवतात. आमच्याकडेही विहीणबाईंच्या पंक्तीत काय काय चालते ते मला ठाऊक होते. मी हात जोडून म्हणालो, "तरी झाल्या अपराधाबद्दल मी पुन्हा एकवार…"

"आते चूप ना भो!" अक्का गुळाचा दुसरा खडा माझ्या तोंडात कोंबत म्हणाली. "कितला रडशात!"

छकडी आली. अक्काने निर्मलबाबूंच्या उपरण्यात त्यांच्या मापाचे रोट बांधून दिले आणि पुनवेच्या आत संपवायला बजावले. मला एक लाल मिरच्यांची पुरचुंडी मिळाली. छकडी वळली तशी ती मागून ओरडली, "पुढला साल या बरं याही! पन परातले हात नका लावू!" सगळी भाऊबंदकी हसली. मीही हसलो, तोंड पोळलेले असूनही.

धुळ्याकडे

दोंडाईच्याहून सर्व्हिस मोटरने धुळ्याला निघालो. निर्मलबाबू वाटभर ओठांतल्या ओठांत नाती घोकत होते. शिलालेख आता दुसऱ्या कुणाला तरी मिळणार होते. धुळे जवळ आले, पांझरेचे गढूळ पाणी दिसू लागले, तेव्हा त्यांना भूक लागली. त्यांनी उपरण्याची गाठ सोडली. रोटाचा वास मोटरभर पसरला. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि ते अवघडले.

"मला क्षमा करावी," ते म्हणाले. "परंतु आपण भाऊबंद नाही."

एवढे बोलून त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि कोपऱ्यात तोंड घालून खाऊ लागले. मी खिडकीबाहेर नदी पाहत बसलो. व्याह्याने दिलेल्या लेकराच्या ताटात डोकावू नये, असे आमच्याकडेही म्हणतातच.